नवरीच्या हातचं

"हे कारड काढ म्हणते ना मी!" अंजनाने स्वेटरवरचं गुलाबी कार्ड उचललं आणि रुखवत मांडणाऱ्या पोरीच्या हातात कोंबलं.

पोरगी मंचरच्या डेकोरेटरकडची होती. अशा पुष्कळ आत्या-मावश्या तिने रोज पाहिल्या असाव्यात. तिने जराही न चिडता कार्ड पुन्हा स्वेटरवर ठेवलं, वर चिकटपट्टीचा तुकडाही लावला. "मावशी, नवरीच्या मम्मींनी सांगितलंय. सगळ्या वस्तूंवर एकच कार्ड."

"आगं लोकरीला चिकटपट्टी लावती व्हय? सगळे तंतू उचकटून निघतील!"

कार्डावर सोनेरी अक्षरांत छापलं होतं, 'चि. सौ. कां. समृद्धी हिच्या हातचं'. साबुदाण्याच्या पालखीवर हेच कार्ड, डाळींच्या किल्ल्यावर हेच, नारळाच्या नवरा-नवरीवर आणि थर्माकोलच्या तुळशीवृंदावनावरही हेच. समृद्धीच्या हाताने यातलं काहीसुद्धा झालेलं नव्हतं. ती पुण्यात कॉम्प्युटरवर काम करते, पालखी करायला तिला सवड कुठली? सगळं रुखवत भाड्याचं होतं आणि संध्याकाळी टेम्पोत बसून पुढच्या लग्नाला जाणार होतं. मघाशी एक पाहुणी जाता जाता बोललीसुद्धा, "ही पालखी आमी मागल्या हप्त्यात ओतूरला बघितली." भाड्याचा नव्हता तो फक्त हा स्वेटर. बदामी रंगाचा, पुढून वेण्या उतरत गेलेला, लांब बाह्यांचा पुरुषी स्वेटर. तो अंजनाने विणला होता, आणि त्यावर तिचं नाव लागायचं ठरलं होतं.

ठरलं होतं म्हणजे काय, तिच्या धाकट्या जावेने, मंगलने, देवासमोर बसून कबूल केलं होतं.

ती मंगल आता जरीच्या शालूत, हातात अक्षतांच्या पिशव्या घेऊन धावत आली. "ताई, कशाला तिला बोलताय? वऱ्हाड आलंय दारात!"

"तू काय म्हणाली व्हतीस मला लगीन ठरलं तवा? म्हणाली का न्हाई, ताई, या खेपेला तुमचं नाव टाकू?"

"म्हणले व्हते. पण रुखवत नवरीचंच आसतं ना ताई. व्याही-विहिणी काय म्हणतील? पोरीला काहीच येत न्हाई म्हणून?"

"मग न्हाईच येत! त्यात लाजायचं काय? तिला पगार येतोय की!"

"आता नका ना राव ताई," मंगल काकुळतीला आली, "लगीन आपल्याच पोरीचं हाय." आणि ती अक्षतांच्या पिशव्या सावरत दाराकडे पळाली.

अंजना तिथेच उभी राहिली. संताप असा आला होता की बोलायला कुणीतरी हवं होतं, आणि जवळ होता तो फक्त नवरा. गोकुळ खुर्ची टाकून बसला होता. अंगात चेनचं जॅकेट. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेल्या या माणसाने लग्नाच्या चाळीस वर्षांत बायकोच्या हातचा एकही स्वेटर अंगात राहू दिला नव्हता. लोकर चावते म्हणे. ज्या बाईने जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतल्या निम्म्या जावयांना ऊब दिली, तिच्या घरात हा माणूस नायलॉनचं जॅकेट घालून चहा पीत बसायचा.

"कशाला डोक्याला ताप करून घेतीस?" तो म्हणाला. "नावाला काय चाटायचंय?"

"तुमचं नाव बिल्ल्यावर व्हतं तीस वर्सं. छातीला लावून हिंडत व्हता."

बिल्ल्यावर नाव नसतं, नंबर असतो, हे गोकुळच्या ओठावर आलं होतं. पण लग्नघर होतं.

अंजनाचं वेड शाळेपासूनचं. माहेरच्या शाळेत शिवणाच्या एक बाई होत्या, त्यांनी मुलींना सायकलच्या जुन्या तारा घासून दिल्या आणि टाके घालायला शिकवलं. बाकीच्या पोरींनी रुमालाएवढा तुकडा केला, गुण घेतले आणि तारा चुलीपाशी टाकून दिल्या. अंजनाच्या हातून त्या सुटल्याच नाहीत. पुढे एकदा नारायणगावच्या बाजारात तिने शेंगदाण्याची पुडी सोडली, तर कागदातून एक गोरा साहेब निघाला. तोंडात पाइप, पायाशी कुत्रं आणि अंगात वेण्यांचा स्वेटर. खाली इंग्रजीत बारीक अक्षरांच्या ओळी. बाईंनी सांगितलं, यात के म्हणजे सुलट टाका आणि पी म्हणजे उलट. एवढ्या इंग्रजीवर तिचं पुढचं सगळं आयुष्य निघालं.

पण कागदाचा नेमका गळ्याजवळचा तुकडा फाटून गेला होता. वेण्या वर चढत यायच्या आणि छातीपाशी एकदम संपायच्या. दुसऱ्या बाजाराला ती त्या शेंगदाणेवाल्यापुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "साहेबाचा गळा द्या." त्याला वाटलं पोरीला लागीर झालंय. गळा केव्हाच कुणाच्या तरी पुडीतून घरी गेला होता. मग अंजनाने गळा स्वतःच्या डोक्याने केला. अनेकदा विणला, अनेकदा उसवला. शेवटी दोन्ही बाजूंच्या वेण्या गळ्याच्या टोकाशी एकमेकींत गुंतवल्या आणि तिथून खाली एकच जाड वेणी काढली. आईने विचारलं, हे काय गं? अंजना म्हणाली, गळा. आई म्हणाली, आता भाकरी टाक.

त्यानंतर रद्दीचा नाद लागला तो कायमचा. जुन्नरच्या रद्दीवाल्याकडून, मास्तरांच्या माळ्यावरून, कुणाच्या मेलेल्या मावशीच्या पेटीतून तिने विणकामाची जुनी पानं जमवली. लोकरीच्या गिरण्यांची चोपडी, मासिकांच्या हिवाळी पुरवण्या, बिनबाह्यांची जाकिटं घातलेली रुबाबदार माणसं, कानटोप्या घातलेली गुबगुबीत पोरं. पानं पिवळी झाली, काठ तुटायला लागले. तिने ती डांबरगोळ्या घालून ट्रंकेत ठेवली. नव्या पुस्तकांतले नमुने तिला आवडत नसत. दोन संध्याकाळींत होणारा स्वेटर तो कसला? जुन्या नमुन्याला बसायला लागतं, चुकलं तर मागे जायला लागतं, त्यात माणसाला मान होता असं ती म्हणायची. गोकुळ पाहुण्यांना सांगायचा, "लोकांच्या बायका सोनं मागत्यात, आमची रद्दी मागती."

आणि हे सगळं विणकाम जायचं कुठे? तर रुखवतात. कासारीण ठकूबाई गावोगाव बांगड्या भरत हिंडायची, आणि कुठल्या घरात पोरीचं लग्न ठरलंय हे तिला नवरीच्या बापाच्या आधी कळायचं. "आमक्या गावची एक पोरगी हाय, जावयाला स्वेटर पायजे," एवढंच सांगून ती लोकर टाकून जायची आणि महिन्या-दीड महिन्याने तयार स्वेटर टोपलीत घालून न्यायची. पोरीचं नाव तिने कधी सांगितलं नाही आणि अंजनाने विचारलं नाही. रुखवत नवरीच्या हातचं असतं अशी रीत होती. ते तसं नसतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणी बोलायचं नाही हीसुद्धा रीतच होती. ठकूबाई होती तोवर ती चोख पाळली गेली.

मात्र पुढे त्या स्वेटरांचं काय झालं ते दिसायचं, आणि त्याने अंजनाचं डोकं फिरायचं. एका घरी सोडा टाकून उकळत्या पाण्यात घातला, तो आखडून घरातल्या तान्ह्या पोराला आला. एक नारायणगावच्या स्टँडवर मोटरसायकल पुसताना दिसला. एक कांद्याच्या वावरात बुजगावण्याच्या अंगात होता, आणि तोही उलटा. त्या दिवशी ती रस्त्यातच गाडीवरून उतरली होती. गोकुळने हाताला धरून ओढून नेली नसती तर तिने बुजगावण्याचे कपडे उतरवून शेतकऱ्याशी भांडण काढलं असतं.

गेल्या वर्षी उजव्या अंगठ्याचं मूळ दुखायला लागलं. डॉक्टरने फोटो काढला आणि सांगितलं, मावशी, सांधा झिजलाय, सुया बंद. अंजनाने सुया बंद केल्या नाहीत. समृद्धीचं लग्न ठरलं तेव्हा ती मंगलला म्हणाली, जावयाचा स्वेटर मी करते, साहेबाच्या वेण्यांचा. हा शेवटचा. ह्याच्यावर माझं नाव टाका, मला दुसरं काही नको. कोरं लुगडं नको, मान नको, पाटावर बसवायला नको. सकाळी चार ओळी झाल्या की अंगठा फुगायचा, मग दुपारी मिठाच्या पाण्यात हात घालून बसायचं. असा पावसाळा गेला, दिवाळी गेली. आणि आता ही चिकटपट्टी.

तिने चिकटपट्टी नखाने हलकेच सोडवली. दोन तंतू निघालेच. गुलाबी कार्ड उलटं केलं, मागची बाजू कोरी होती. मग पेन शोधत ती सगळं कार्यालय हिंडली. भटजींकडे पेन होतं, ते चकचकीत कागदावर उमटेना. अहेर लिहून घेणारा म्हणाला, काकी, माझं पेन नेलं तर अहेर कोण लिहिणार? शेवटी व्हिडिओवाल्याकडे काळा मार्कर मिळाला. खांबाला कार्ड टेकवून तिने लिहिलं, 'विणकाम : सौ. अंजना गोकुळ, पिंपळवंडी'. अंगठ्यामुळे अक्षर वाकडं आलं. आलं तर आलं. तिने शाई फुंकून वाळवली आणि तरातरा रुखवताकडे निघाली.

पण तोवर वरपक्षाच्या बायका रुखवत बघायला येऊन थडकल्या होत्या.

पुढे होती ऋषीची आत्या. ऋषी म्हणजे नवरा मुलगा. आत्या अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून भरलेली. मागे, बायकांच्या घोळक्याच्या जरा बाहेर, ऋषीची आई रतनबाई उभी होती. फिकट लुगडं, कपाळ मोकळं. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलाच्या लग्नातसुद्धा ती कुठे पुढे येत नव्हती.

"आगं बया!" आत्या स्वेटरपाशी थांबली. "वैनी, हिकडं ये. ह्यो गळा बघ!"

रतनबाई आली. तिने स्वेटरकडे पाहिलं आणि गळ्याच्या टोकावर, दोन वेण्या एक होतात तिथे, नकळत बोट ठेवलं.

"आमच्या गोरक्षदादाचा सेम ह्योच गळा!" आत्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगू लागली. "हिरवा व्हता त्यो. वैनीनं लग्नाच्या आधी सोताच्या हातानं विणलेला. दादा साऱ्या गावाला दाखवायचा, बघा, माझ्या बायकोनं केलाय. तीस वर्सं घातला. उसाला पाणी द्यायला त्यो, लग्नकार्याला त्यो. दवाखान्यात सुदीक काढू देत नव्हता. म्हणायचा, माझ्या रतनचा हात हाय त्यो अंगावर."

अंजना एक पाऊल पुढे आली. हिरवा. काळपट हिरवी लोकर ठकूबाईने एकदाच आणली होती. "खोडदची एक पोरगी हाय," म्हणाली होती.

"रतनबाई, तुमचं माहेर कुठलं?" तिने विचारलं.

"खोडद," रतनबाई म्हणाली. तिने मान वर केली नाही.

"पर मला एक कळंना," आत्या अंजनाकडे वळली. "असला गळा मी दुसरीकडं कुटंच बघितला न्हाई. तुमच्या समृद्धीनं ह्यो कुटनं काढला? कुणी शिकिवला तिला?" आणि मग तिला स्वतःलाच गंमत वाटली. "का वैनी, तुझाबी दुसऱ्याच कुणीतरी करून दिलता? आँ? दादाला फसिवलं का काय तू?"

बायका हसल्या. त्यांच्याबरोबर आलेली मंगलही हसली, तिला कुठे काय माहीत होतं. रतनबाई हसली नाही. तिचं बोट अजून वेणीवर होतं आणि चेहरा पार उतरला होता. तीस वर्षं नवऱ्याला सांगायचं राहून गेलेली गोष्ट होती ती, आणि आता तर सांगायला नवराही नव्हता.

अंजनाच्या हातात कार्ड होतं. नाव लिहिलेलं, शाई वाळलेली.

हा गळा कुठून काढला, एवढं कुणीतरी विचारावं म्हणून तिने किती वाट पाहिली होती! आईने विचारलं नाही, नवऱ्याने नाही, पोरांनी नाही, मोटरसायकल पुसणाऱ्याने नाही. जन्मभरात आज पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं, तेही भर मांडवात, चारचौघींत. आणि विचारलं ते अशा वेळी, अशा बाईने, अशा तऱ्हेने, की खरं सांगायची सोय राहिली नव्हती. देवाला तरी काही रीत आहे की नाही, असं तिच्या मनात आलं. तिला रतनबाईचा राग आला, आत्याचा आला, त्या मेलेल्या गोरक्षाचासुद्धा आला. दवाखान्यात कुणी स्वेटर घालतं का?

"कुटनं काढायचाय?" ती फणकाऱ्याने म्हणाली. "पुस्तकातला गळा हाय. त्या वक्ताला आमी समद्या पोरी ह्योच करायचो. घरोघर व्हता. तुमी बघितला न्हाई ते तुमचं नशीब."

"आसं व्हय," आत्या म्हणाली. तिची गंमत गेली. ती डाळींच्या किल्ल्याकडे सरकली.

अंजनाने कार्ड दोनदा दुमडलं आणि कनवटीला खोचलं. मंगलने चपळाईने दुसरं गुलाबी कार्ड आणून स्वेटरवर ठेवलं. यावेळी चिकटपट्टी लावली नाही, तेवढं डोकं तिने चालवलं. रतनबाईने बोट काढून घेतलं आणि एकदाच अंजनाकडे पाहिलं. ते पाहणं काय होतं, आभार की अविश्वास, अंजनाला कळलं नाही. कळून घ्यायची इच्छाही नव्हती. ती जेवणाच्या हॉलमध्ये गेली, जिलबीला नाही म्हणाली, मठ्ठा मागून घेतला आणि गोकुळला उगाच दोन शब्द सुनावले.

सासरी पाठवणीची वेळ झाली तेव्हा ऊन उतरलं होतं. मार्गशीर्षातला वारा हायवेवरून सरळ आत येत होता आणि फेटे बांधलेली माणसं काखेत हात घालून उभी होती. रडणं आवरलं, ओटी भरली, आणि ऋषी थंडीने कुडकुडायला लागला. त्याने रेशमी शेरवानीवरच तो बदामी स्वेटर चढवला. पोरं हसली. त्याला बरोबर बसला होता. माप अंजनाने समृद्धीच्या मोबाइलमधला फोटो बघून नजरेने घेतलं होतं.

"आई, बघ," ऋषी म्हणाला, "पप्पांसारखा दिसतोय ना मी? समू, तू कधी सांगितलं नाहीस तुला एवढं येतं म्हणून!"

समृद्धी बावरली. तिने गर्दीत अंजनाला शोधलं. "ऋषी, अरे ते मोठ्या आईनं—"

"शिकवलं," अंजना मध्येच म्हणाली. "मी शिकिवलं तिला. जमलं बरं. बस आता गाडीत, उशीर व्हतोय."

पोरीचे डोळे भरून आले. लोकांना वाटलं माहेर सुटतंय म्हणून. ती वाकून पाया पडली आणि गाडीत बसली. ऋषी बसला. मागच्या गाडीत रतनबाई बसायची होती. तिने दार उघडलं आणि ती थांबली, मग चार पावलं परत आली.

अंजनाला राहवलं नाही. सगळं गिळलं होतं, पण एक गोष्ट तिच्याने गिळवेना. स्वेटर आता परक्या घरी चालला होता, आणि परक्या घरी स्वेटरांचं काय होतं हे तिने पाहिलेलं होतं.

"विहीणबाई, एक सांगते, राग मानू नका," ती जरा करड्याच आवाजात म्हणाली. "त्यो स्वेटर मशीनला घालू नका. गरम पाणी न्हाई, सोडा न्हाई. पिळायचा न्हाई, दोरीवर टांगायचा न्हाई. आन् वला आसताना तान्ह्या पोरावानी उचलायचा—"

"खाली दोन्ही हात लावून," रतनबाई म्हणाली. "आन् सावलीत आडवा निजवायचा. पोट खाली."

अंजनाने झटकन मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"ठकूबाईनं सांगितलं व्हतं मला, बांगड्या भरताना," रतनबाईचा आवाज अगदी खाली आला होता. "म्हणली, करणारणीनं लई बजावून सांगितलंय. तुझं नाव लावती तर निदान एवढं तरी पाळ. मी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला न्हाई कधी. तीस वर्सं मीच धुतला."

मागून आत्याने हाक मारली, गाडीने हॉर्न दिला. रतनबाईने अंजनाचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. अंगठा दुखत होता, पण अंजनाने तो ओढून घेतला नाही.

"त्यास्नी घातलेला एकदा तरी तुमी बघायला पायजे व्हता," रतनबाई म्हणाली आणि वळून गाडीत जाऊन बसली.

गाड्या हायवेला लागल्या. मांडवात डेकोरेटरची पोरगी पालखी आणि किल्ला खोक्यांत भरत होती. अंजना वाऱ्यात उभी होती आणि गोरक्ष नावाच्या त्या माणसाचं तोंड कसं असेल ते डोळ्यांपुढे आणू बघत होती. काळपट हिरवा स्वेटर घातलेला, उसाला पाणी देणारा, गळ्याकडे बोट करून गावाला दाखवणारा. तिला त्याचा गळा टाक्यान् टाका दिसत होता. चेहरा काही केल्या दिसेना.

गोकुळ जॅकेटची चेन वर ओढत आला. "काय म्हणत व्हत्या विहीणबाई एवढा येळ?"

"काही न्हाई," अंजना म्हणाली. "स्वेटर कसा धुवायचा, ते सांगत व्हत्या मला."